नमुना सही

शिवाजी पेठ, कोल्हापूर
बुधवार, दि. २४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आण्णा,

शिरसाष्टांग नमस्कार लिहायचा अधिकार मला उरलाय की नाही याची खात्री नाही, म्हणून नुसता नमस्कार लिहितो. बाकी मायना तुम्ही शिकवलात तसाच आहे. डावीकडं दोन बोटं समास सोडलाय, कागद फुलस्केप, शाई निळी.

आपलं शेवटचं बोलणं झालं त्याला आज बारा वर्षं, नऊ महिने आणि तेरा दिवस झाले. मधल्या काळात तुमची लेक, आमची पद्माक्का, फोनवर तुमची तब्येत सांगत आली. तुम्ही माझी चौकशी करता का, हे मी तिला विचारलं नाही आणि तिनंही आपणहून कधी सांगितलं नाही. त्यावरून काय ते समजलो.

लिहायला कारण असं, की मी महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहतोय. अपक्ष. सोमवारी २९ तारखेला अर्ज भरणार. शिरोळच्या कट्ट्यावर कुणीतरी पेपर वाचून तुम्हाला सांगण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढाच हेतू.

तुम्ही म्हणाल, दहावी नापास माणूस नगरसेवक होऊन काय करणार. तर आण्णा, काही तपशील तुमच्या कानावर घालतो, कारण ते तुम्ही कधी ऐकून घेतले नाहीत. ३ जुलै १९८९ला मी बँकेत शिपाई म्हणून लागलो. साहेबांचा चहा आणायला जाताना पाठकोऱ्या व्हाउचरवर व्याजाची गणितं करायचो. ज्या गणितात सहा मार्कांनी गेलो, त्याच गणितावर पुढं पोट भरलं. शहाण्णव साली क्लार्क, २००४ला अधिकारी, आणि २००९च्या एक एप्रिलला शिवाजी पेठ शाखेचा व्यवस्थापक. शिपाई म्हणून ज्या शाखेत फरशी पुसली, तिथंच काचेच्या केबिनमध्ये बसलो. बँकेच्या इतिहासात अशी दुसरी नोंद नाही. हे मी म्हणत नाही, वार्षिक अहवालाच्या पान अकरावर छापलंय.

माझं नाव झालं ते मात्र सह्यांमुळं. खातं उघडताना माणूस कार्डावर सही करतो, ती नमुना सही. पुढं प्रत्येक वेळी तिच्याशी ताडून बघायचं. लोक अक्षराकडं बघतात. मी बघतो हात कुठं थांबतो, पेन कुठं उचलतो. अठ्ठावीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही खोटी सही पुढं गेली नाही.

मार्च २०२४मध्ये मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. तेव्हापासून पेठेतल्या गटारी, फुटलेल्या पाइपा, बंद दिवे यांची वही ठेवलीय. तारीख, वार, कुणाकडं अर्ज दिला, काय उत्तर आलं. त्रेसष्ट तक्रारी मी स्वतः तडीला नेल्या. गल्लीतल्या बायकाच म्हणाल्या, सायेब, बाहेरनं एवढं करताय, आत जाऊन करा की. तालमीतली पोरं हसली. त्यांचं म्हणणं, ह्यो बँकवाला हातात हात घेतला तरी पावती मागंल. मागेन. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

आता त्या सोमवारबद्दल. ११ मार्च २०१३. आदल्या दिवाळीत तुमच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. तुम्ही मास्तर होतात त्या शाळेच्या बक्षीस समारंभासाठी पैसे काढायला तुम्ही एसटीनं कोल्हापूरला आलात. स्लिपवरची सही कार्डाशी जुळेना. क्लार्कनं स्लिप परत केली आणि नियमाप्रमाणं अंगठा व दोन साक्षीदार मागितले. नियम सगळ्यांना सारखा, तुम्हीच शिकवलंय. त्यावरून तुम्ही एवढं मनाला लावून घ्याल असं वाटलं नव्हतं. पुढं २०१९च्या पुरात मी होडी घेऊन दारात आलो, तर तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत शेजारच्यांच्या होडीत बसलात आणि माझं घर असताना छावणीत बारा दिवस काढलेत.

असो. निवडून आलो तर प्रमाणपत्र घेऊन शिरोळला येईन. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. व्यवस्थापक झालो तेव्हा पेढे घेऊन आलो होतो, ते तुम्ही आक्काच्या हातात द्यायला लावलेत. या खेपेला कागद तुमच्याच हातात देणार. नाहीतर उंबऱ्यावरून परत जाईन.

आपला,
जिनपाल


शिवाजी पेठ, कोल्हापूर
बुधवार, दि. ३१ डिसेंबर २०२५, संध्याकाळी सहा

तीर्थरूप आण्णा,

नमस्कार. अर्ज वैध ठरला. पण आज दुपारी जे घडलं ते जसंच्या तसं लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

उमेदवाराच्या अर्जावर एक सूचक लागतो, त्याच प्रभागातला मतदार. माझ्या सूचक विठाबाई. दूधकट्ट्यावर म्हशी घेऊन उभ्या असतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढून पेला भरून देतात. वय अठ्ठ्याहत्तर. शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. त्यांना सही मी शिकवली.

ही गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. २०१४पासून दर गुरुवारी, काउंटर बंद झाल्यावर तीन ते चार, मी शाखेत सहीचा वर्ग घेत होतो. अंगठा लावणाऱ्या खातेदारांना जमिनीवर बसवायचं, मांडीवर फळी द्यायची आणि त्यांचं नाव त्यांच्याच हातून काढून घ्यायचं. दहा वर्षांत चारशे बारा जण शिकले. त्यात तीनशे सत्तर बाया. का सुरू केला, असं वरिष्ठांनी विचारलं होतं. ग्राहकसेवा म्हणून, असं मी लेखी कळवलं.

तर आज छाननी. माजी नगरसेवक धैर्यशील माझ्या विरुद्ध उभे आहेत. त्यांचे वकील उठले आणि म्हणाले, सूचकाची सही बनावट आहे. पुरावा म्हणून २०११ सालचा जागेचा एक कागद काढला. त्यावर विठाबाईंचा अंगठा. अंगठा लावणारी बाई सही कुठून करणार, ती उमेदवारानंच केलेली असणार, त्यांना सह्यांचं फार ज्ञान आहे ना, असा सगळा टोमणा. लोक हसले. निवडणूक निर्णय अधिकारी मॅडम शांत होत्या. म्हणाल्या, बाईंना अडीचच्या आत हजर करा.

विठाबाई धार सोडून आल्या. हाताला दुधाचा वास, पदराला वैरणीची काडी. मॅडमनी कागद दाखवून विचारलं, हा अंगठा तुमचा का.

"व्हय, माझाच. तवा येत नव्हतं. आता येतंय."

मॅडमनी टेबलावर कोरा कागद ठेवला आणि स्वतःचं पेन दिलं. विठाबाई उभ्यानंच वाकल्या. भोवती तीसेक माणसं, दोघांनी मोबाइल वर धरलेले. हात थरथरायला लागला. वि कसाबसा उतरला, ठा फुटला, पुढची अक्षरं कागदाबाहेर जायला निघाली. वकिलांनी कागद उचलून अर्जाशेजारी धरला. कुठंच जुळत नव्हतं. माझ्या टेबलावर ती सही आली असती तर मीसुद्धा परत केली असती.

मॅडम म्हणाल्या, "उमेदवाराचं काही म्हणणं आहे का? नसेल तर मला निर्णय द्यावा लागेल."

आण्णा, त्या क्षणी मला शाखेतला काउंटर दिसला. काचेपलीकडं कोण उभं होतं ते सांगायची गरज नाही.

मी म्हणालो, "मॅडम, बाईंना आधी बसू द्या. थरथरणाऱ्या हाताला बसायला जागा, पुरेसा वेळ आणि तीन सह्या, एवढं मिळालं पाहिजे. मग तुम्ही पडताळा. मी एक शब्द बोलणार नाही."

वकिलांनी विचारलं, असं कुठल्या नियमात लिहिलंय. मी आमच्या बँकेच्या नियमावलीचा परिच्छेद क्रमांक सांगितला. ते म्हणाले, ही बँक नव्हे. मॅडम म्हणाल्या, बँक नसली तरी खुर्ची आहे, द्या त्यांना.

पण विठाबाईंनी खुर्ची नको म्हटलं. "म्हशीखाली बसल्यागत बसू द्या मला. मग बगा." आणि बसल्या खाली फरशीवर, एक गुडघा वर करून. माझी फाइल मांडीवर घेतली, पोलक्यातून स्वतःचं पेन काढलं, वर्गात मी दिलेलं. पहिली सही वाकडी आली. दुसरी बरी. तिसऱ्या वेळी त्यांनी कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. हात आपोआप फिरला. ठच्या पोटात पेन थांबतं, मग उचललं जातं, मग काना. अर्जावर होती अगदी तशीच.

मॅडमनी तिन्ही सह्या भिंगातून बघितल्या आणि अर्ज वैध म्हणून शेरा मारला. वेळ दोन वाजून एकेचाळीस मिनिटं.

विठाबाई उठल्या, पदर झटकला आणि जाता जाता थांबल्या. "धैर्यशील, लहानपणी माझ्याच कट्ट्यावर दूध पिऊन मोठा झालास. तवा पाण्याची शंका घेतली न्हाईस. आता सहीची घेतोस व्हय रं?" धैर्यशील स्वतःच हसले आणि हात जोडले. माणूस वाईट नाही.

निकाल माझ्या बाजूनं लागला तरी घरी आल्यापासून जेवण गेलेलं नाही. तुमची सून विचारतेय, जिंकलात तर तोंड असं का. तिला सांगितलं, उन्हाचं.

आपला,
जिनपाल


शिवाजी पेठ, कोल्हापूर
सोमवार, दि. ५ जानेवारी २०२६

तीर्थरूप आण्णा,

नमस्कार. आक्काचा फोन होता. म्हणाली, माझी दोन्ही पत्रं तुम्ही स्वतः पोस्टमनच्या हातून घेतलीत, पाकीट ब्लेडनं सरळ कापलंत, आणि वाचून ट्रंकेत ठेवलीत. बोलला मात्र नाहीत. मला एवढं पुरेसं आहे. वाचताय म्हटल्यावर खोटं ठेवता येत नाही.

आधी निवडणुकीचं. चिन्ह म्हणून पेन मागितलं होतं. त्यावर दुसऱ्याचाही दावा आला, चिठ्ठी काढली आणि मला मिळालं कपाट. गल्लीत एकच हशा. तिजोरीवाल्याला कपाटच मिळणार, दुसरं काय. आदितीनं, तुमच्या नातीनं, त्याचाच प्रचार केला: कपाटाची किल्ली मतदाराच्या हातात. पत्रकावर माझी त्रेसष्ट कामं तारखांसकट छापलीत. लोक ती घरी नेऊन पडताळून बघतात. एका आजोबांनी बाविसाव्या कामाची तारीख चुकल्याचं दाखवून दिलं. खरंच एक दिवसाची चूक होती. मी उरलेल्या सगळ्या पत्रकांवर हातानं दुरुस्ती केली, अकराशे चाळीस प्रती. त्या दुरुस्तीनं मला जेवढी मतं मिळतील तेवढी भाषणानं मिळायची नाहीत, असं तालमीतली तीच पोरं आता म्हणतात. रोज चार जण माझ्याबरोबर फिरतात. पावती मागत नाहीत.

आता दुसरी दुरुस्ती.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, की क्लार्कनं स्लिप परत केली. ते खोटं आहे. क्लार्क स्लिप घेऊन माझ्या केबिनमध्ये आला होता. म्हणाला, सर, तुमचेच वडील आहेत, पास करू का. मी नाही म्हणालो. स्लिप घेऊन मी स्वतः काउंटरपर्यंत चालत आलो. तुम्हाला आत बोलावता आलं असतं. केबिनमध्ये दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी सगळ्या रांगेसमोर म्हणालो, "सही जुळत नाही. अंगठा चालेल, दोन साक्षीदार आणा."

तुम्ही स्लिपची घडी केलीत, खिशात ठेवलीत, आणि डाव्या हातानं कठडा धरत पायऱ्या उतरलात.

८७ सालचा जून आठवतो का? मी प्रगतिपुस्तक पुढं केलं होतं. तुम्ही, गुंडू मास्तरांनी, आयुष्यभर हजारो वह्यांवर "पाहिले" लिहून सही केली, पण त्या पुस्तकावर केली नाही. शाळेच्या व्हरांड्यात, पोरांसमोर म्हणालात, "सही करण्यासारखं यात काही न्हाय. तू आपला अंगठा लावायची सवय कर." सोळा वर्षांचा होतो. ते वाक्य मी पंचवीस वर्षं सांभाळून ठेवलं होतं, आणि ११ मार्चला तुम्हाला परत केलं.

नियम आड आला असं मी सगळ्यांना सांगत आलो. बँकेची नियमावली मला तेव्हाही पाठ होती. थरथरत्या हाताला खुर्ची, वेळ, तीन सह्या. छाननीत जो परिच्छेद सांगितला तोच. मी तुम्हाला खुर्ची दिली नाही.

आणखी एक. तुमच्या सहीखाली एक रेघ असते आणि रेघेखाली दोन टिंबं. "गु. भ. मगदूम" ही अक्षरं त्या दिवशी कोलमडली होती, रेघ हलली होती. टिंबं मात्र होती, दोन्ही, त्याच अंतरावर. मी ती पाहिली होती. सही तुमचीच आहे हे दुसऱ्या कुणापेक्षा मला जास्त माहीत होतं.

सहीचा वर्ग ग्राहकसेवा म्हणून सुरू केला नव्हता.

निवडणुकीत हरलो तरी चालेल असं लिहिणार नाही, ते खरं नाही. मला जिंकायचंय. पण जिंकून उंबऱ्यावरून परतलो तर त्या कागदाचा मला उपयोग नाही, हे आता कळलंय.

आपला,
जिनपाल


शिवाजी पेठ, कोल्हापूर
शुक्रवार, दि. १६ जानेवारी २०२६

तीर्थरूप आण्णा,

नमस्कार. निवडून आलो.

मला ४,१८७. धैर्यशील यांना ३,९६८. फरक २१९. प्रमाणपत्र दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी हातात पडलं. नाव पूर्ण आणि बिनचूक आहे: जिनपाल गुंडू मगदूम. दोनदा वाचल्यावरच पोच दिली.

दुसऱ्या फेरीअखेर मी एकशे सहानं मागं होतो. धैर्यशील यांच्या पोरांनी बाहेर फटाक्यांची माळ अंथरलीसुद्धा. माझ्याकडं प्रत्येक केंद्राचं झालेलं मतदान लिहिलेलं होतं. दूधकट्ट्याकडची तीन केंद्रं राहिली होती. आदितीला म्हणालो, थांब, आपल्या बाया अजून मोजायच्या आहेत. तिसऱ्या फेरीत ती यंत्रं उघडली आणि तिथल्या सव्वातीनशेच्या आघाडीनं एका दमात वर आलो. बाहेर अंथरलेली माळ शेवटी आमच्याच तालमीच्या पोरांनी पेटवली. धैर्यशील म्हणाले, वाजवा, पैसे भरलेलेच आहेत. आणि मिठी मारली.

पण खरी बातमी ही नाही. काल मतदानाला माझा प्रतिनिधी म्हणून ज्ञानू केंद्रात बसला होता. आमच्या बँकेतला जुना शिपाई, मी क्लार्क झालो तेव्हा माझ्या जागी आलेला. मतदाराला यंत्राकडं सोडण्याआधी रजिस्टरात सही घेतात, येत नसेल तर अंगठा. त्यासाठी शाईचं पॅड ठेवलेलं असतं. ज्ञानू सांगत होता, आपल्या वर्गातल्या बाया एकामागून एक आल्या आणि खाली बसायला मागू लागल्या. कर्मचाऱ्यांना आधी कळेना. मग त्यांनी एक पाट मागवला, रजिस्टर मांडीवर द्यायला लागले, आणि रांग थांबली तरी कुणी कुरकुरलं नाही. संध्याकाळी सामान आवरताना केंद्राध्यक्ष म्हणाले, कमाल आहे, पॅडचं झाकण उघडायलाच लागलं नाही. ज्ञानू साठीचा माणूस, सांगताना रडला.

गुलाल नको म्हणून मी आठ दिवस बजावत होतो. कुणी ऐकलं नाही. हे पत्र लिहितानाही कागदावर पडतोय, झटकला तरी राहतोय, त्याबद्दल माफी. पेठेतून मिरवणूक निघाली. ज्या शाखेची फरशी पुसली तिच्या दारात ती थांबली आणि आतला सगळा स्टाफ पायऱ्यांवर आला. विठाबाईंनी पितळी पेल्यात दूध आणलं होतं. म्हणाल्या, "सायेब, आता गटार न्हाय झाली तर याच पेल्यानं टाळकं फोडीन." पहिला आदेश मिळाला, असं मी जाहीर केलं.

दिवसभर हजार माणसांनी हात हातात घेतला. मी त्यात एकच हात शोधत होतो हे तुमच्या सुनेनं ओळखलं. तीच म्हणाली, रविवारी जाऊन या. एकटेच जावा.

रविवारी सकाळी दहा पंचवीसच्या एसटीनं उतरेन.

आपला,
जिनपाल


शिवाजी पेठ, कोल्हापूर
सोमवार, दि. १९ जानेवारी २०२६

तीर्थरूप आण्णा,

शिरसाष्टांग नमस्कार.

कालचं सगळं तुमच्यासमोरच घडलं. तरी लिहितो. नोंद राहिली पाहिजे.

दार उघडंच होतं. आक्का म्हणाली, सकाळी सहापासून उघडंय, वाऱ्यानं लागू नये म्हणून दगड लावून ठेवायला सांगितलाय. तुम्ही सोप्यात बसला होतात, धुतलेला सदरा, टोपी. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून प्रमाणपत्र पुढं केलं. तुम्ही ते डाव्या हातानं घेतलंत, लांब धरून वाचलंत, मग उलटून कोरी बाजूही बघितलीत.

"दोनशे एकोणीसच? फेरमोजणी मागितली न्हाय त्यानं?"

म्हणालो, "न्हाय आण्णा. हिशोब लावून बघितला त्यानं, पटला."

"हं." आतून आक्काच्या बांगड्यांचा आवाज आला, म्हणजे ती दाराआड उभी होती. तुम्ही काठी टेकून उठलात. आक्का धावली तर तिला हातानंच थांबवलंत. भिंतीकडची लाकडी खुर्ची, शाळेनं निरोप समारंभाला दिलेली, जिच्यावर आम्हा पोरांना कधी बसू दिलं नाहीत ती, तुम्ही चांगल्या हातानं ओढायला लागलात. फरशीवर तिचे पाय करकरत होते. मी मदतीला वाकलो तर म्हणालात, "लांब हो. मला जमतंय."

खुर्ची माझ्यासमोर आणून ठेवलीत.

"बस."

मी बसलो. चौपन्न वर्षांचा माणूस, नवाकोरा नगरसेवक, आणि पाय जमिनीला टेकतायत की नाही ते कळत नव्हतं. आक्कानं आंबील आणली. तुम्ही ऊस, पाणीपट्टी, आदितीचं शिक्षण एवढंच विचारलंत. त्या सोमवारचा विषय तुम्हीही काढला नाहीत, मीही नाही. निघताना तुम्ही जुनं खाकी पाकीट हातात दिलंत आणि म्हणालात, "घरी जाऊन उघड."

आण्णा, घरापर्यंत थांबलो नाही. जयसिंगपूरच्या स्टँडवर उघडलं.

आत माझीच चार पत्रं. प्रत्येकाच्या शेवटी, माझ्या नावाखाली, लाल शाईत.

पहिल्यावर "पाहिले", खाली सही, दि. २७-१२. सही कसली, नुसती वाकडी रेघ.

दुसऱ्यावर, विठाबाईंच्या पत्रावर, दि. २-१. तिथं तीन सह्या आहेत, एकाखाली एक. पहिली कोलमडलेली. दुसरी बरी. तिसरीत "मगदूम" वाचता येतं. तुम्ही फळी मांडीवर घेऊन केल्यात की टेबलावर, ते आक्काला विचारीन.

तिसऱ्यावर "पाहिले" आणि सही. शिवाय "मी तुम्हाला खुर्ची दिली नाही" या वाक्यासमोर समासात बरोबरची एक छोटी खूण. दुसऱ्या कुठल्याही वाक्यासमोर नाही.

चौथ्यावर कालची तारीख. गुलालाच्या डागाला वळसा घालून सही केलीय.

आज सकाळी मी बँकेत गेलो. व्यवस्थापक बाईंनी जुन्या फडताळातून तुमचं कार्ड काढून दिलं, १९९१ सालचं, पिवळं पडलेलं. चार पत्रांवरच्या तुमच्या सहाही सह्या मी त्यासमोर ठेवल्या आणि भिंग लावलं. अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं अहवाल लिहितो, तो असा:

गचं वळण जुळत नाही. भचा काना जुळत नाही. मगदूमचा शेवटचा म कार्डात खाली जातो, इथं जात नाही. रेघ सरळ नाही. टिंबं दोन, सहाही ठिकाणी दोन, त्याच अंतरावर, पहिल्या वाकड्या रेघेखालीसुद्धा.

सही खातेदाराचीच आहे. ग्राह्य.

बाईंनी विचारलं, सर, कार्ड बदलायचं का, नवा नमुना घ्यायचा का. म्हणालो, घ्यायचा, पण त्यासाठी खातेदारांना इथं यावं लागेल. पुढच्या आठवड्यात मंगळवारी, म्हणजे २७ तारखेला, मी गाडी घेऊन येतो. मुख्य दारानं जाऊ. काउंटरसमोर खुर्ची आधीच ठेवायला सांगितलीय. रांग असली तरी थांबेल.

या पत्राच्या शेवटी चार बोटं जागा कोरी सोडली आहे.

तुमचा,
जिनपाल